फोटो कसा आलाय?

मंडळी, आपल्या भाषेत फोटो काढतो माणूस, पण तो ‘येतो’ मात्र आपला आपण. ‘फोटो झकास आला’, ‘फोटो हललेला आला’, ‘माझा फोटो कधी चांगला येतच नाही’ असं आपण सहज बोलून जातो. पाऊस येतो, ताप येतो, तसाच फोटोही येतो. मी भाषा शिकवणारा माणूस, तेव्हा ही क्रियापदाची गंमत माझ्या ध्यानात यावी हे साहजिकच. पण या गमतीचा एक परिणाम असा होतो, की फोटो काढणाराने काही ठरवून केले असेल, ऊन कलेपर्यंत तो बांधावर ताटकळत बसला असेल, ही गोष्ट आपल्या मनातच येत नाही. मग फोटो चांगला दिसला की आपण विचारतो, ‘मोबाइल कुठला रे तुझा?’ पीक चांगलं आलं म्हणून शेतकऱ्याला ‘पाभर कुठली?’ असं विचारण्यातला हा प्रकार!

आज गावोगाव, घरोघर हातात कॅमेरा आहे. पूर्वी लग्नामुंजीत तालुक्याहून फोटोग्राफर यायचा. आता बैलपोळ्याला बैलांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात. शाळेतली मुलं फोटो काढतात, वारीला गेलेल्या मावशी फोटो काढतात आणि काढलेला फोटो कुणाला तरी दाखवतात. दाखवताना त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘बघा बरं, कसा आलाय?’ या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं आणि आपल्याला मिळालेलं उत्तर कसं घ्यावं, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. मी काही फोटोग्राफीतला जाणकार नव्हे. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि तिच्यामुळेच मी या विषयाच्या मागे लागलो. ती आधी सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी मुलांकडून फोटो मागवले होते. विषय दिला होता ‘माझे घर’. पंधरा-वीस मुलांनी फोटो आणले. ते सगळे कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, आणि एके दिवशी वर्गात पडद्यावर एकेक दाखवीत मी त्यावर बोलू लागलो. त्यात एका मुलाचा फोटो होता : आई चुलीपुढे बसून भाकरी थापते आहे. स्वयंपाकघरात अंधार, चुलीचा तेवढा उजेड. आणि आईचे दोन्ही हात धुरासारखे पुसट. मी पाहिलं, पाच सेकंदही पाहिलं नसेल, आणि म्हणालो, ‘फोटो हललाय. अशा वेळी ट्रायपॉड लागतो. पुढचा.’ पोरं हसली. ट्रायपॉड या शब्दाला हसली की त्या मुलाला, कोण जाणे. तो मुलगा पुन्हा माझ्याकडे फोटो घेऊन आला नाही.

दोनेक वर्षांनी कॉम्प्युटरवरची जुनी अडगळ काढताना तोच फोटो पुन्हा समोर आला. त्या दिवशी मला घाई नव्हती. पाहता पाहता लक्षात आलं, की आईच्या मागच्या फळीवरचे डबे अगदी स्वच्छ दिसताहेत. एका डब्याचा पोचासुद्धा दिसतो आहे. आईचा चेहरा स्वच्छ, तवा स्वच्छ. पुसट आहेत ते फक्त हात. म्हणजे कॅमेरा हललाच नव्हता! हलत होते ते हात, कारण ते भाकरी थापत होते.

यातली तांत्रिक गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून थोडी फोड करून सांगतो. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. भर उन्हात एका सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. चुलीच्या उजेडात दहावा-पंधरावा भाग लागू शकतो. तेवढ्या वेळात जे हलेल ते चित्रात फिसकटतं. आता आपला हात हलला, तर अख्खं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं; भिंत, डबे, माणूस, सगळंच. समोरची वस्तू हलली, तर तेवढीच पुसट होते, बाकीचं जागच्या जागी राहतं. आणि कॅमेऱ्याची नजर भलतीकडेच बसली असेल, तर आपल्याला हवा तो चेहरा मऊ येतो आणि मागची भिंत किंवा पुढचं झुडूप लख्ख दिसतं. तीन वेगळी दुखणी, तिन्हींवर वेगळा उपाय. आणि कधी कधी तर ते दुखणंच नसतं. भाकरी थापणारे हात दगडासारखे गोठलेले दिसले असते, तर ती थापते आहे हे कळलं कसं असतं? मी मात्र नाडी न पाहताच औषध लिहून मोकळा झालो होतो.

तेव्हा कुणी फोटो पुढे केला, की मी आता आधी गप्प बसतो. मग काय दिसतं ते बोलून दाखवतो. चांगलं-वाईट नंतर. ‘माझी नजर आधी तुझ्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर गेली, मग काठीवर, मग मागच्या ट्रॅक्टरवर. चेहऱ्याकडे शेवटी गेली.’ एवढं ऐकल्यावर पोरगा स्वतःच म्हणतो, ‘पण सर, मला तर चेहराच दाखवायचा होता.’ झालं! अर्धं काम तिथंच होतं. राहिलेलं अर्धं म्हणजे पुढच्या वेळी काय करता येईल ते सांगणं. ‘चेहरा काळा आलाय’ ही नुसती तक्रार झाली. कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजून त्याची मध्यम सरासरी धरतो. भर उन्हात पांढरी टोपी, पांढरा सदरा असला, की त्या लख्ख पांढऱ्यापायी तो चित्र गडद करतो आणि टोपीच्या सावलीतला चेहरा बुडतो. म्हणून सांगावं, की मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकव, उजेड तिथला धरला जाईल. किंवा आजोबांना पडवीच्या कडेला, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून बसव. किंवा सकाळी उन्हं तिरपी असताना काढ. मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवला असेल, तर एक पाऊल बाजूला सरक. लहान मुलाचा फोटो काढताना खाली उकिडवा बस. असं सांगितलं की ऐकणाराच्या हाताला काम मिळतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आम्हा मास्तर लोकांची खोड अशी, की लाल शाई हाती आली की ती दौत संपेपर्यंत थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला फोटोतलं काय कळतं? मला वाटतं, फोटोतलं न कळणाराचंही मत मोलाचं असतं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे जगातल्या नामांकित छायाचित्रकारांपैकी एक. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी ते दिल्लीत गांधीजींना भेटले आणि न्यूयॉर्कला आदल्या वर्षी भरलेल्या आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक त्यांनी गांधीजींना दाखवलं. गांधीजींनी ते पान पान उलटून पाहिलं, काही बोलले नाहीत. एका चित्रापाशी मात्र ते थांबले. पॉल क्लोदेल या फ्रेंच कवीचं ते चित्र. त्यात प्रेत नेण्याची गाडीही दिसते. याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. कार्तिए-ब्रेसाँ यांनीच पुढे हे सांगितलं आहे. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली, म्हणून ही भेट लोकांच्या लक्षात राहिली. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळं. गांधीजींनी उजेड, कोन, भिंग यांतलं काही काढलं नाही. जिथं मन अडलं तिथं एक प्रश्न विचारला. एवढं तर कुणालाही करता येईल.

शिवाय काही गोष्टी शहाण्या फोटोग्राफरलाही कळत नाहीत, त्या तुम्हाला कळतात. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत शेतकऱ्यांची फार दैना झाली. तिथल्या सरकारने १९३५ पासून छायाचित्रकार नेमून खेड्यापाड्यांतलं जिणं टिपून घेतलं. त्या खात्यावर रॉय स्ट्रायकर नावाचे गृहस्थ होते. स्वतः छायाचित्रकार नव्हेत, अर्थशास्त्र शिकवणारे. कार्ल मायडन्स नावाचा तरुण कापसाच्या मुलखात निघाला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, तुला कापसाची काय माहिती आहे? फारशी नाही म्हणताच त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि कापसाविषयी रात्रीपर्यंत सांगत राहिले. आपल्याकडे पेरणीचे फोटो किती निघतात! आभाळ सुरेख, बैल सुरेख. पण चाडं दिसत नाही आणि चाड्यावरची मूठ दिसत नाही. ही उणीव पेरणी केलेलाच माणूस सांगू शकेल. ती त्यानं जरूर सांगावी.

याच स्ट्रायकरांची दुसरी बाजूही सांगायला हवी. जे चित्र त्यांना पसंत पडत नसे, त्याच्या फिल्मवर ते सरळ भोक पाडून टाकत. पूर्वी एस्टीतला कंडक्टर तिकिटाला पाडायचा तसं. असं चित्र छापलं की मधोमध काळा वाटोळा डाग. छायाचित्रकार त्यावर चिडले, कुरकुरले, आणि काही वर्षांनी तो प्रकार थांबला. त्या भोक पाडलेल्या फिल्म अमेरिकेच्या सरकारी संग्रहात अजून आहेत, आणि आज लोक त्या कुतूहलाने पाहतात. नापसंतीचं कारण न सांगता नुसती नापसंती दाखवली की काय होतं, ते पाहायचं असेल तर ती चित्रं पाहावीत.

त्याच खात्यातल्या डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं एका मजूरबाईचं चित्र घेतलं. वाटाणे तोडायला आलेली माणसं. थंडीनं पीक गेलेलं, काम नाही. तंबूत एक आई बसली आहे, दोन मुलं तिच्या खांद्यांवर तोंड लपवून, एक तान्हं मांडीवर. हे चित्र जगभर गाजलं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला कुणाचा तरी अंगठा पुढे आला होता. लँगना तो खटकत होता, म्हणून काही वर्षांनी त्यांनी फिल्मवरून तो पुसून घेतला. स्ट्रायकरना ते मुळीच आवडलं नाही. असं पुसणं म्हणजे साक्षीत फेरफार करणं, असं त्यांना वाटलं. आता खरं कोणाचं? मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आणि माझा कल अंगठा राहू द्यावा याकडे आहे. तुमचा वेगळा असू शकेल. मुद्दा इतकाच, की चित्रातली चूक कोणती आणि चित्राचा भाग कोणता, हे बाहेरून पाहणाराला एका झटक्यात ठरवता येत नाही.

हे मला आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेत नीट कळलं. तिथल्या बाईंनी एक चांगला पायंडा पाडला आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलांचे चार-पाच फोटो छापून आणतात आणि व्हरांड्यात दोरीला चिमट्यांनी अडकवतात. नाव मागच्या बाजूला. मुलं आधी पाहतात, मग काय दिसलं ते सांगतात. ज्याचा फोटो त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. मार्क नाहीत, नंबर नाही. मला एकदा बोलावलं होतं. एका मुलीने आजीचा फोटो लावला होता : आजी ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडते आहे, आणि मागे भिंतीपर्यंत हंडे, कळश्या, बादल्या यांची रांग. मला राहवलं नाही. म्हटलं, आजी छान आहे, पण मागचा पसारा आधी उचलायला हवा होता. एक निळी बादली तर नजर ओढून घेते. वर्गात शांतता. मग मागून एक मुलगा म्हणाला, ‘सर, त्यांच्या गल्लीत त्या दिवशी टँकर यायचा होता.’ आजी ज्वारी निवडत नव्हती, टँकरची वाट पाहत होती. हाताला चाळा म्हणून सूप. ती निळी बादली रांगेतली पहिली बादली होती. मी तोंडातलं वाक्य गिळलं, आणि त्या मुलीला विचारलं, मग बादल्या आणखी पुढे, आजीच्या जवळ दिसाव्यात असं करता आलं असतं का? ती म्हणाली, ‘हो, मी दाराच्या बाजूनं काढला असता तर.’

तुमच्यापैकी जे शिक्षक असतील, त्यांनी ही दोरीची युक्ती करून पाहावी. खर्च फार नाही. आणि हे काही नवं खूळ नव्हे. मुंबईला १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, लंडनच्या मागोमाग, दोन वर्षांच्या आतच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींपैकीच. काढलेली चित्रं एकमेकांपुढे ठेवून त्यांवर बोलणं तेव्हापासून चालत आलेलं आहे.

आता ज्याच्या फोटोवर बोललं जातं, त्याच्याविषयी. त्याचं काम फार अवघड. आपला फोटो म्हणजे आपलं लेकरूच. त्याचं नाक नकटं आहे असं कुणी म्हटलं की रक्त तापतं. मग आपण सबबी सांगू लागतो : ऊनच तसं होतं, माणसं मध्ये आली, मोबाइल जुना आहे. हे सगळं खरं असेल. पण पाहणाराच्या समोर तुमचं ऊन नाही, तुमची गर्दी नाही. त्याच्या समोर हातभर कागद किंवा तळहाताएवढा पडदा आहे. तेव्हा ऐकून घ्यावं, जमल्यास चार शब्द वहीत टिपावेत, आणि दोन दिवस जाऊ द्यावेत. एकाने सांगितलेलं सगळंच मानायचं असंही नाही. मला स्वतःला उपयोगी पडलेला हिशेब असा : एकाच जागी तीन वेगवेगळी माणसं अडखळली, तर अडचण फोटोत आहे, एकटाच अडखळला, तर त्याला कारण विचारावं. आणि दाखवताना पन्नास फोटो दाखवू नयेत. त्यांतले पाच निवडावेत. निवडताना जी घालमेल होते, तीच तुम्हाला सर्वांत जास्त शिकवते. ‘कसा आलाय?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमची नजर आधी कुठं गेली?’ असं विचारलं, तर ‘छान’ म्हणून सुटका करून घेणाराही सापडतो.

त्या ‘छान’वर माझा विशेष राग आहे. हसण्यानं जसा एक मुलगा माझ्याकडे यायचा थांबला, तसा नुसत्या ‘छान, छान’नेही एक विद्यार्थी माझ्या डोळ्यांदेखत जागच्या जागी राहिला. त्याने चार वर्षं सूर्यास्तच काढले. सगळे छान.

एका माणसाचं मत विचारायचं मात्र आपण नेहमी विसरतो : ज्याचा फोटो काढला, त्याचं. लँग यांनी त्या मजूरबाईला नावसुद्धा विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं ते १९७८ साली, आणि तेव्हा ती म्हणाली, की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. तिला त्यातून एक पैसाही मिळाला नव्हता. चित्र छापून आल्यावर त्या छावणीत सरकारी अन्न पोचलं होतं, पण तोवर ती मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. जगानं वाखाणलेल्या चित्रावरचं हे मत. म्हणून मुलांना मी सांगतो, आजीचा फोटो आधी आजीला दाखवा. ती ‘हा नको’ म्हणाली, तर तो दोरीवर लागायचा नाही.

राहिला तो भाकरीचा फोटो. गेल्या वर्षी एस्टी स्टँडवर तो मुलगा भेटला. आता चांगला कर्ता झाला आहे, शेती बघतो. मी होऊन विषय काढला आणि माझं चुकलं होतं हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, मोबाइल मी पायलीला टेकवून ठेवला होता. हलणार कसा? पण तुम्ही म्हणालात, म्हणून त्याच संध्याकाळी पुसून टाकला.’ त्याच्याकडे तो फोटो नव्हता. माझ्याकडे होता. पुढच्या आठवड्यात मी त्याची मोठी प्रत छापून घेतली आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. आई आत होत्या, त्यांना बोलावलं. त्यांनी पदराला हात पुसून फोटो घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, ‘तवेवाला डबा अजून हाय की ह्यो.’ त्या पोच्याच्या डब्याविषयी त्या बोलत होत्या. तव्याशेजारी असायचा म्हणून तवेवाला.

मुलगा मात्र बराच वेळ काही बोलला नाही. मग फळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘सर, डबे सगळे एका बाजूला कललेत. सारवलेल्या भुईवर पायली जरा कलंडली असणार. हे तुम्ही तेव्हा सांगायला पायजे होतं.’